गादीचोर घड्याळजी

या महिन्यात पत्रांत घड्याळंच फार आली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. रागावू नका.

काका, दोन वर्षांपूर्वी आम्ही सिडनीत ओटली नावाच्या सबर्बमध्ये राहायला आलो. स्टेशनजवळ एक घड्याळ उभं आहे. शेजारच्या आजी म्हणाल्या की हे गावच एका चोराच्या नावाने आहे, तो घड्याळं करायचा. मुलीला शाळेत ‘आपला परिसर’ यावर बोलायचंय. खरं काय ते सांगा ना. घड्याळाचाच अजून एक घरगुती प्रश्न आहे, तो खाली लिहिलाय. — एक वाचक, सिडनी

आजी बरोबर आहेत, फक्त अर्धीच गोष्ट सांगितली त्यांनी. माणसाचं नाव जेम्स ओटली, जन्म १७७० च्या आसपासचा, इंग्लंडमधला, धंदा घड्याळजीचा. १८१४ मध्ये हॅम्पशरच्या कोर्टात चोरीचा खटला झाला आणि चोरलं काय, तर पिसांच्या गाद्या आणि घरातलं असंच काही सामान. घड्याळ नाही, सोनं नाही, गाद्या! घड्याळजी माणूस, हात असे की केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलेल, आणि चोरायला गेला ती अख्ख्या घराला दिसेल अशी वस्तू. मला दरवेळी हसू येतं आणि पुढची ओळ आली की हसू जातं, कारण शिक्षा फाशीची होती. ती बदलून जन्मभर समुद्रापार पाठवायची झाली आणि १८१५ मध्ये हा सिडनीला पोचला, वय साधारण पंचेचाळीस. म्हणजे त्या काळाच्या हिशेबाने आयुष्य संपत आलेलं.

इथून गोष्ट फिरते. कैद्यांचं जहाज बंदराला लागलं की कारकून यादी करायचे, नाव, वय, गुन्हा, शिक्षा आणि धंदा काय येतो. शेतमजूर आणि खिसेकापू ढिगाने यायचे, गवंडी-सुतार-लोहार आले की सरकार आधी उचलायचं. घड्याळजी म्हणजे तर लॉटरीच. गव्हर्नर होता लॅकलन मॅक्वारी, १८१० पासून. त्याच्या डोक्यात एकच खूळ, ही कैद्यांची छावणी राहता कामा नये, नीट शहर झालं पाहिजे, रस्ते हवेत, चर्च हवं, हॉस्पिटल हवं, आणि शहर म्हटलं की चौकात सगळ्यांना दिसणारं घड्याळ आलंच की. ओटलीचं जॉर्ज स्ट्रीटवर दुकान झालं, आज तुमचा टाऊन हॉल आहे ना, त्याच्या समोरच्या बाजूला. मॅक्वारीने शहराच्या घड्याळाची देखभाल त्याच्याकडे दिली. मग १८१९ मध्ये हाईड पार्क बॅरॅक्सच्या, म्हणजे कैद्यांना ठेवायच्या सरकारी इमारतीच्या दर्शनी भिंतीवर, वरच्या त्रिकोणात, त्याने केलेलं घड्याळ बसलं. १८२१ मध्ये त्याला सशर्त माफी मिळाली. सशर्त म्हणजे इथे मोकळा, पण इंग्लंडला परत पाऊल टाकायचं नाही.

त्या बॅरॅक्सचा आर्किटेक्टही कैदीच बरं का. फ्रान्सिस ग्रीनवे. त्याने कागदपत्रांत बनावट केली होती, त्यालाही आधी फाशी आणि मग १४ वर्षं देशाबाहेर. पुढे ऑस्ट्रेलियाने दहा डॉलरच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं, १९६६ पासून ती नोट बरीच वर्षं चालली. बनावट करणारा माणूस नोटेवर! असं आपल्याकडे कोणी सुचवलं असतं तर संसद बंद पडली असती.

आता मला यात सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट सांगतो, मुलीने हीच बोलली तर वर्गात कोणी जांभई देणार नाही. बॅरॅक्स होण्याआधी सिडनीतल्या सरकारी कैद्यांना राहायला जागाच नव्हती, आपापली खोली भाड्याने बघायची, आणि भाडं द्यायला पैसे लागतात म्हणून दुपारी तीनच्या सुमारास सरकारी काम सुटायचं, पुढचा वेळ कैद्याचा स्वतःचा, कुठे लाकडं फोडून दे, कुठे भिंत रचून दे, चार पैसे कमव. कैदी असला तरी रोजची संध्याकाळ त्याची होती. १८१९ च्या जूनमध्ये बॅरॅक्स उघडली, राजाच्या वाढदिवसाला, सहाशेला थोडे कमी इतके कैदी आत घेतले आणि त्या दिवशी गव्हर्नरने त्यांना गोमांस, प्लम पुडिंग आणि प्यायला पंच नावाची दारू अशी मेजवानी दिली. दुसऱ्या दिवसापासून झोळ्यांच्या रांगेत झोपायचं, घंटेला उठायचं, रांगेत कामाला जायचं आणि सूर्य मावळेपर्यंत काम. राहायची सोय सरकारने केली ना, मग आता संध्याकाळ कशाला हवी तुला? आणि हे सगळं ज्याच्या काट्यावर चालायचं ते घड्याळ कोणी केलं, तर त्यांच्यासारख्याच जहाजातून आलेल्या माणसाने.

ओटलीला हे जाणवलं असेल का? मला वाटतं, जाणवलं असलं तरी काम त्याने चोखच केलं असणार. माझे मामा साताऱ्याला घड्याळं दुरुस्त करायचे, बसायची जागा रिक्षाच्या मागच्या सीटएवढी, टेबलाच्या कडेपासून स्वतःच्या कमरेपर्यंत एक फडकं बांधलेलं, स्क्रू निसटला तर मांडीवर पडावा, जमिनीवर नको. गावातल्या एका सावकाराचं घड्याळ आलं, त्याने मामांना पैशासाठी फार नाडलेलं होतं, मी म्हटलं मामा, द्या ना दहा मिनिटं मागे करून. मामांनी डोळ्यावरचं भिंगसुद्धा काढलं नाही, म्हणाले घड्याळ त्याचं आहे, वेळ त्याची नाहीये.

पुढचं पटकन सांगतो. १८३० नंतर त्याला जॉर्जेस नदीकडे जमीन मिळाली, तिला त्याने नाव दिलं ‘नीडवूड फॉरेस्ट’, हे मुळात इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरच्या जंगलाचं नाव. परत तर जाता येत नव्हतं, नाव मात्र आणता आलं. ऑक्टोबर १८३९ मध्ये गेला. त्याचा सिडनीतच जन्मलेला मुलगा, तोही जेम्स, १८६२ मध्ये सिडनीचा मेयर झाला. गादीचोराचा मुलगा मेयर, मधे वर्षं सत्तेचाळीस! तुमचं रेल्वे स्टेशन १८८५ चं, त्याला नाव ओटली दिलं आणि मग ते सगळ्या वस्तीलाच चिकटलं. म्हणजे शेजारच्या आजींना सांगा, गाव चोराच्या नावाने आहे हे खरं, पण त्या चोराने आधी अख्ख्या शहराला वेळ दाखवली.

सर, गादी चोरली म्हणून फाशी? हे अतिशयोक्ती वाटते. मी लॉ करतोय म्हणून विचारतो. — एक विद्यार्थी, नाशिक

अतिशयोक्ती नाही रे. त्या वेळी इंग्लंडमध्ये फाशीचे गुन्हे दोनशेच्या वर होते आणि राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीचा माल चोरणं हा त्यातलाच एक. पिसांची गादी तेव्हा स्वस्त वस्तू नव्हती, घरातली महागाची चीज होती, लोक मृत्युपत्रात लिहून ठेवायचे गादी कोणाला ते. तू लॉ करतोस म्हणून एक गंमत सांगतो, ज्युरीतल्या लोकांनाही हे जड जायचं, म्हणून कित्येकदा माल उघड उघड महाग असला तरी ते किंमत ठरवायचे ३९ शिलिंग. एका शिलिंगात जीव वाचायचा! आणि ज्यांचा तिथे वाचला नाही त्यातल्या पुष्कळांची फाशी नंतर बदलून समुद्रापार पाठवणी व्हायची. अमेरिका स्वतंत्र झाली, तिकडे कैदी पाठवता येईनात, तुरुंग तुंबले, जुन्या जहाजांत माणसं कोंबली, मग ऑस्ट्रेलिया आठवला. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत साधारण १,६२,००० माणसं पाठवली गेली.

तिथे गेल्यावर पायऱ्या होत्या. आधी सरकारी कामावर किंवा एखाद्या मालकाकडे नेमणूक. वागणूक बरी असेल तर ‘तिकीट ऑफ लीव्ह’, म्हणजे कैदीच, पण स्वतःचं काम स्वतः शोध, ठरवलेल्या भागाबाहेर जाऊ नको. मग सशर्त माफी, मग पूर्ण माफी. ओटली तिसऱ्या पायरीपर्यंत गेला, ग्रीनवे चौथीपर्यंत. मॅक्वारी तर सुटलेल्या कैद्यांना आपल्या पंक्तीला जेवायला बसवायचा, यावरून तिथल्या खानदानी गोऱ्यांचं पोट दुखायचं. लंडनहून बिग नावाचा चौकशी अधिकारी आला १८१९ मध्ये, त्याचं म्हणणं साधारण असं की ही शिक्षा आहे का सवलत, आणि इमारतींवर इतका खर्च कशाला. मॅक्वारीला शेवटी जावंच लागलं. ओटलीची माफी आली ती त्याच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षात, एक वर्ष उशीर झाला असता तर काय झालं असतं कोणास ठाऊक.

संपादक महाशय, ‘काळं पाणी’ या शब्दाने आमच्या पिढीच्या अंगावर काटा येतो. गोऱ्या चोरांना दुकान, माफी, जमीन आणि आमच्या माणसांना कोलू! आणि तुम्ही गोऱ्याच्या घड्याळाच्या गोड गोष्टी सांगता (मागच्या अंकात तुम्ही ‘पुढच्या वेळी एका कैदी घड्याळजीवर’ अशी जाहिरात केलीत म्हणून आधीच लिहितो). — एक निवृत्त शिक्षक, सातारा

गुरुजी, नमस्कार. तुमचा राग मान्य, अर्धा तर माझाही आहे. सावरकर १९११ मध्ये अंदमानला पोचले तेव्हा त्यांच्या वाट्याला कोलूच होता, दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, आणि ते काही गाद्या चोरून गेले नव्हते. पण दोन गोष्टी म्हणतो.

एक, गोऱ्या कैद्यांतही ओटली लाखात एक. ज्याच्या हातात कला नव्हती त्याला दगड फोडायला, साखळीत बांधून रस्ते करायला, आणि पुन्हा काही केलं तर चाबूक आणि नॉरफोक बेटावरचा तुरुंग. त्या बेटाच्या गोष्टी वाचल्या तर तुम्ही कोलू विसराल असं म्हणत नाही, पण शेजारी ठेवाल. आणि त्याला जी जमीन मिळाली ती काही मॅक्वारीच्या किंवा त्याच्या नंतरच्यांच्या बापाची नव्हती, तिथल्या आदिवासींची होती, त्यांना कोणी विचारलं नाही आणि माफीबिफीचा प्रश्नच आला नाही. हे मी सिडनीच्या बाईंच्या उत्तरात लिहायला हवं होतं, इथे लिहितो, मुलीने तेही बोलावं.

दुसरं म्हणजे काळं पाणी अंदमानपासून सुरू झालं नाही. अंदमानची वसाहत १८५८ ची, सत्तावन्नच्या लगेच नंतरची. त्याच्या कितीतरी आधीपासून कंपनी सरकार आपल्या लोकांना सुमात्रातल्या बेंकुलूला, पेनांगला, १८२५ पासून सिंगापूरला पाठवत होतं. मॉरिशसलाही, १८१५ ते १८३७ मध्ये साधारण दीड हजार, त्यात मुंबई इलाख्यातलेही होते. आणि इथे ओटलीसारखीच गोष्ट पुन्हा दिसते, सिंगापूरमध्ये हिंदुस्थानी कैद्यांनी रस्ते केले, सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल बांधलं, विटा भाजणं, सुतारकाम, लोहारकाम तिथेच शिकले, आणि कैद्यांवर मुकादमही कैद्यांतूनच नेमलेले. फरक इतकाच की त्यांच्यातल्या कोणाच्या नावाने रेल्वे स्टेशन झालं नाही. हा फरक लहान नाही, ते तुमचं बरोबर.

आणि तुम्ही साताऱ्याचे म्हणून खास तुमच्यासाठी. हा माल उलट्या दिशेनेही यायचा! मलाक्का-सिंगापूरकडच्या चिनी आणि मलाय कैद्यांना इंग्रजांनी मुंबई इलाख्यात आणलं, त्यांच्यासाठी काळं पाणी म्हणजे आपला सह्याद्री. महाबळेश्वरला त्यांचा तुरुंग होता, १८६४ मध्ये बंद झाला. ते लोक भाजीचे मळे करायचे, बटाटे, विलायती भाज्या, वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या, उन्हाळ्यात आलेल्या साहेबांना विकायला. सुटल्यावर काही तिथेच राहिले. ‘चायनामन फॉल’ नावाचा धबधबा तुम्ही शाळेच्या सहलीत दहादा दाखवला असेल पोरांना, त्याचं नाव जवळच्या चिन्यांच्या मळ्यांवरून. तेव्हा पुढच्या वेळी महाबळेश्वरच्या बाजारातून वेताची टोपली घ्याल तेव्हा ही माणसं आठवा, त्यांच्याही घरी कोणीतरी वाट बघत बसलंच असेल.

(सिडनीच्याच वाचकांचा दुसरा प्रश्न) सासऱ्यांचं भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ आम्ही पुण्याहून इकडे आणलं. पुण्यात अगदी बरोबर चालायचं. इथे रोज साधारण एक मिनिट पुढे जातं. इथल्या दुरुस्तीवाल्याने उघडून साफ केलं, घसघशीत बिल लावलं आणि म्हणाला काही बिघाड नाही. सासरे म्हणतात विमानात हलवाहलवीत बिघडलं. काय करू?

हा प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठलो, खरंच. कारण यात तुमच्या ओटलीचीच अडचण आहे, फक्त उलटी!

सासऱ्यांना सांगा घड्याळ बिघडलं नाही, देश बदललाय. लंबक किती वेगाने हलणार हे दोन गोष्टींवर असतं, त्याची लांबी आणि पृथ्वी त्याला किती जोराने खाली ओढते ते. आणि पृथ्वी सगळीकडे सारखी ओढत नाही, विषुववृत्ताकडे थोडी कमी, ध्रुवांकडे थोडी जास्त, उंचावर अजून जरा कमी. पुणं विषुववृत्ताच्या जवळ आणि वर पठारावर, सिडनी त्यापेक्षा बरीच लांब आणि समुद्राकाठी. म्हणून तिथे लंबकाला ओढ जास्त, तो किंचित भरभर हलतो. मी कागदावर आकडा काढला, दिवसाला ५५ ते ६० सेकंद पुढे. तुम्ही लिहिलंय एक मिनिट. दुरुस्तीवाला खोटं बोलला नाही, फक्त तुम्ही कुठून आलात हे त्याने विचारलं नाही. बिलाचं मी काय बोलू.

हे फ्रेंचांना १६७२ मध्येच कळलं होतं, रिशे नावाचा माणूस पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला लंबकाचं घड्याळ घेऊन गेला, तर ते रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. पॅरिस-कायेन फरक मोठा. लंडनहून सिडनीला आलेलं घड्याळ रोज मिनिटभर मागे पडतं, आणि तेच मुंबईला आणलं तर जवळपास दोन मिनिटं. म्हणजे इंग्लंडमध्ये शिकलेला ओटली, सेकंदाला एक ठोका देणारा लंबक तिथल्या मापाने साधारण ९९४ मिलिमीटर धरायचा, ते माप सिडनीत जसंच्या तसं घेतलं असतं तर आठवड्याला सात मिनिटांचा घोळ झाला असता. त्याला लंबक दीड मिलिमीटर आखूड करावा लागणार. दीड मिलिमीटर! गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढंही नाही, आणि त्यावर सहाशे माणसांचा दिवस.

आता तुमचं घड्याळ. आधी ते सरळ टांगलंय का बघा, डोळ्याने नाही, कानाने. टिक आणि टॉक यांमधलं अंतर सारखं ऐकू आलं पाहिजे, लंगडत असेल तर खालची बाजू जरा डावी-उजवी सरकवा, ठोके सारखे झाले की तिथेच पेन्सिलने भिंतीवर खूण करून ठेवा. मग लंबकाच्या गोल चकतीखाली एक छोटा नट असेल. घड्याळ पुढे जातंय म्हणजे चकती खाली उतरवायची आहे, तेव्हा नट सैल करायचा, म्हणजे समोरून बघताना डावीकडे. चकती नुसत्या वजनाने खाली येत नसेल तर बोटाने हलकेच टेकवा. एकदम फेराभर फिरवू नका, तुमचा लंबक वीतभर असणार, त्याला पाव-अर्धा मिलिमीटर पुरतो. अर्धा फेरा करा, दोन दिवस थांबा, फोनशी ताडून बघा, मग पुढचं. आणि फिरवताना दुसऱ्या हाताने लंबकाची दांडी धरा, वरती त्याची पातळ पट्टी असते ती पिळली गेली तर मात्र खरंच बिघडेल आणि सासरे म्हणतील सांगितलं होतं.

थंडीत अजून पाच-सात सेकंद पुढे जाईल, धातू आखडतो म्हणून, त्यासाठी नटाला हात लावू नका.

रविवारी वेळ असेल तर मुलीला घेऊन सेंट जेम्स स्टेशनला उतरा, बॅरॅक्स तिथून चालत पाच मिनिटं, आता म्यूझियम आहे, २०१० पासून युनेस्कोच्या यादीत. वर घड्याळाभोवती मॅक्वारीचं नाव आणि १८१७ कोरलेलं दिसेल, ओटलीचं नाव तिथे नाही. आत उंदरांनी बिळांत ओढून नेलेल्या चिंध्या ठेवल्यात, फळ्यांखाली कित्येक वर्षं पडून राहिलेल्या, कैद्यांच्या कपड्यांचे तुकडे. मुलीला त्या आधी दाखवा, लहान मुलांना उंदीर आवडतात. आणि आठवड्याने कळवा, किती सेकंदांवर आलं.